झाकले जाण्यापूर्वी पाहणे: साइट इंजिनिअरचे खरे काम

प्रश्न असा आहे. स्थापत्य पदविका घेऊन कोल्हापुरातील एका चार मजली निवासी इमारतीच्या कामावर साइट इंजिनिअर म्हणून नुकताच रुजू झालेला एक तरुण विचारतो की, त्याने नेमके काय करणे अपेक्षित आहे? ठेकेदार म्हणतो, सिमेंटच्या गोण्या मोजा आणि कामगारांवर लक्ष ठेवा. मालक म्हणतो, काम वेळेत पूर्ण करून घ्या. इमारतीच्या सळई-काँक्रीटच्या सांगाड्याची रचना ठरवणारे आरसीसी कन्सल्टंट म्हणतात, नकाशाप्रमाणे काम झाले पाहिजे. स्लॅबच्या दिवशी मिस्त्री काँक्रीटमध्ये जास्त पाणी घालतो, तेव्हा त्याला थांबवण्याचा अधिकार आपल्याला आहे का? आणि आपण हजर नसताना झालेल्या कामाच्या तपासणीवर सही करावी का, असेही त्याने शेवटी विचारले आहे.

मी सत्तावीस वर्षे या व्यवसायात आहे. त्यांतील पहिली नऊ वर्षे मी साइट इंजिनिअर म्हणूनच उन्हापावसात काढली आहेत, त्यामुळे या प्रश्नामागची घालमेल मला चांगली ठाऊक आहे. तिघांनी सांगितलेली तिन्ही कामे तुम्हाला करावी लागतील, परंतु त्यांतील एकही तुमच्या पदाचा गाभा नाही. बांधकामावरची जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची गोष्ट काही तासांत कायमची झाकली जाते. पायाचा तळ पीसीसीखाली (सळई नसलेल्या काँक्रीटच्या थराखाली) जातो, सळई काँक्रीटमध्ये जाते, पाइप गिलाव्यात जातो, वॉटरप्रूफिंग फरशीखाली जाते. ते झाकले जाण्यापूर्वी नकाशाशी ताडून पाहणे, चुकले असेल तर थांबवून दुरुस्त करून घेणे आणि पाहिल्याची लेखी नोंद ठेवणे हे साइट इंजिनिअरचे मूळ काम आहे. गोण्यांचा हिशेब, हजेरी, मालाची मागणी ही कामे या कामाला वेळ राखूनच करायची असतात.

हे काम दुसरे कोणी का करू शकत नाही, तेही समजून घ्या. आर्किटेक्ट आठवड्यातून एखादी फेरी मारतात. कन्सल्टंट किंवा त्यांचा माणूस साधारणपणे स्लॅब भरण्याच्या आदल्या दिवशी सळई पाहून जातो. त्यानंतरच्या चोवीस तासांत, म्हणजे ज्या काळात सळई तुडवली जाते, सळईला फळीपासून अंतरावर धरणारे कव्हर ब्लॉक निसटतात आणि काँक्रीट प्रत्यक्ष ओतले जाते त्या काळात, जागेवर असणारा एकमेव तांत्रिक माणूस तुम्ही असता. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत रचनेत किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला, तर तो विनामूल्य दुरुस्त करून देण्याची जबाबदारी विकासकावर असते. म्हणून तुमच्या मालकाने तुम्हाला नेमले आहे ते केवळ काम पुढे रेटण्यासाठी नेमलेले नाही. त्याची पुढची पाच वर्षेही तुमच्या नजरेवर अवलंबून आहेत, आणि हे त्याला एकदा शांतपणे सांगून ठेवण्यास हरकत नाही.

पहिला आठवडा नकाशे वाचण्यात घालवा. आर्किटेक्टचा नकाशा आणि आरसीसीचा नकाशा शेजारी ठेवून प्रत्येक कॉलमचा मध्य, प्रत्येक तुळईची खोली, जिन्याच्या पायऱ्यांची संख्या आणि संडास-बाथरूमच्या बुडीत स्लॅबची जागा ताडून पाहा. दोन्ही नकाशांत विसंगती सापडणे नेहमीचेच आहे. एका नकाशात खिडकी असते आणि दुसऱ्यात नेमका तिथेच कॉलम येतो. ती विसंगती कागदावर सापडली तर एका फोनवर मिटते, काँक्रीट झाल्यावर सापडली तर ब्रेकर आणावा लागतो. नकाशाची सुधारित प्रत आली की जुन्या प्रतीवर मोठ्या अक्षरांत ‘रद्द’ लिहून ती सळई बांधणाऱ्या फिटरच्या हातातून काढून घ्या. जुन्या प्रतीवरून बांधलेली सळई मी एकाहून अधिक वेळा सोडवून घेतली आहे, आणि त्या प्रत्येक वेळी चूक फिटरची नव्हती.

लाइनआउट, म्हणजे जमिनीवरची इमारतीची आखणी, स्वतः उभे राहून करून घ्या. तीन-चार-पाचच्या मापाने काटकोन काढला तरी शेवटी दोन्ही कर्ण मोजल्याशिवाय समाधान मानू नका. मंजूर नकाशातील सामासिक अंतरे (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) हद्दीच्या खुणांपासून मोजा. शेजाऱ्याच्या कुंपणाची भिंत हद्दीवरच असेल असे गृहीत धरू नका. त्यानंतर एखाद्या हलणार नाही अशा जागी बेंचमार्क, म्हणजे पातळीची कायमची खूण, ठरवून तो तेलरंगाने लिहून ठेवा, आणि पुढची प्रत्येक पातळी त्याच खुणेवरून घ्या.

कोल्हापुरात या पातळीला इतर शहरांपेक्षा अधिक महत्त्व आहे. पंचगंगेच्या पुराची निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते, आणि या रेषांजवळच्या भूखंडांना परवानगी देताना जोत्याच्या पातळीची अट घातलेली असते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी शाहूपुरी आणि नागाळा पार्कच्या भागात घरांमध्ये पाणी शिरले, हे तुम्ही स्वतः पाहिले असेल. मंजुरीपत्रात जोत्याची जी पातळी दिली आहे, ती लेव्हल यंत्राने जागेवर आणणे ही तुमची जबाबदारी आहे. समोरच्या रस्त्यावरून अंदाजाने दोन-तीन फूट वर धरणे पुरेसे नाही, कारण रस्त्याचा पृष्ठभाग दर डांबरीकरणाला वर येतो.

पायाच्या खोदकामाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडची जमीन दोन गल्ल्यांत बदलते. पाचगाव, आर. के. नगरच्या चढाकडे बऱ्याच ठिकाणी थोड्याच खोलीवर कठीण मुरूम किंवा खडक लागतो. नदीकडच्या उताराला मात्र काळ्या मातीचा जाड थर असतो. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर टेकवलेला पाया वर्षातून दोनदा हलतो आणि भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरक्या भेगा जाऊ लागतात. कन्सल्टंटने नकाशात धरलेली जमिनीची भारक्षमता एका विशिष्ट थराला गृहीत धरून असते. नकाशात दोन मीटर लिहिले आहे म्हणून दोन मीटरवर खोदकाम थांबवायचे नसते. तो थर लागला का हे प्रत्येक खड्ड्यात उतरून पाहायचे असते. मी ‘प्रत्येक’ हा शब्द जाणीवपूर्वक वापरला आहे.

नदीच्या बाजूच्या एका कामावर वीस खड्डे होते. एकोणीस खड्ड्यांत साधारण आठ फुटांवर घट्ट मुरूम लागला. विसाव्या खड्ड्याचा तळही वरून तसाच दिसत होता, पण आत उतरून पहार मारली तेव्हा एका कोपऱ्यात ती सहज आत गेली. थोडे उकरल्यावर माती, विटांचे तुकडे आणि खापऱ्या यांचा भराव निघाला. कोणे एके काळी बुजवलेली विहीर तिथे होती. ठेकेदाराने पीसीसीचा माल तयार ठेवला होता आणि तो चिडला, हे साहजिक होते. मी काम थांबवले आणि कन्सल्टंटना बोलावले. त्यांनी त्या कॉलमचा पाया बदलून शेजारच्या कॉलमच्या पायाशी जोडून दिला. पंधरा दिवस गेले. त्या दिवशी मी वरूनच पाहून होकार दिला असता, तर ती विहीर आजही त्या कॉलमखाली असती आणि कोणालाही ठाऊक नसती.

जून ते सप्टेंबरमध्ये खोदकाम उघडे असेल तर रात्रीच्या पावसाने खड्ड्यात पाणी साठते. ते पंपाने उपसले की काम झाले, असे समजू नका. पाण्याखाली राहिलेल्या तळाचा वरचा थर मऊ झालेला असतो. तो खरवडून काढून टणक जमीन लागल्यावरच पीसीसी घाला, आणि शक्यतो तळ तपासल्याच्या दिवशीच घाला. जोत्यातील भरावासाठी खोदलेली काळी माती परत वापरण्याचा मोह ठेकेदाराला नेहमी होतो. तिथे मुरूमच हवा, तोही सहा ते आठ इंचांच्या थरांत, पाणी मारून आणि धुमसून. तळमजल्याची फरशी दोन-तीन वर्षांत खचली तर कारण बहुतेक वेळा याच भरावात सापडते.

आता सळई. कोल्हापूर भूकंप क्षेत्र तीनमध्ये गणले जाते, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आमच्या आधीच्या पिढीच्या अजून स्मरणात आहे. या क्षेत्रात आयएस १३९२० या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे सळईची रचना करावी लागते. जागेवर पाहताना त्यातील तीन गोष्टी मी कधीही सोडत नाही. कॉलमच्या आणि तुळईच्या रिंगांचे आकडे (हूक) १३५ अंशांत आत वळलेले हवेत, आणि वळणापुढची सरळ लांबी सळईच्या व्यासाच्या सहापट, पण किमान ६५ मिलिमीटर हवी. ९० अंशांत वाकवलेली रिंग जोराचा हादरा बसला की उघडते आणि उभ्या सळया मोकळ्या पडतात. दुसरी गोष्ट, कॉलम आणि तुळई जिथे मिळतात त्या सांध्यातही रिंगा हव्यात. तिथे सळयांची दाटी असल्यामुळे फिटर त्या हमखास गाळतो, आणि भूकंपात सर्वांत जास्त ताण त्याच सांध्यावर येतो. तिसरी गोष्ट म्हणजे कॉलमच्या सळयांचा जोड. तो मजल्याच्या मोकळ्या उंचीच्या मधल्या अर्ध्या भागात द्यायचा असतो, स्लॅबला लागून नव्हे. तुमच्या नकाशात याहून वेगळे दाखवले असेल तर स्वतः बदल करू नका, कन्सल्टंटना लेखी विचारा.

कव्हरसाठी, म्हणजे सळईबाहेरच्या काँक्रीटच्या जाडीसाठी, सिमेंटचे ठोकळेच वापरा; फरशीचे तुकडे आणि खडी चालणार नाहीत. स्लॅबला किमान २०, कॉलमला ४० आणि पायाला ५० मिलिमीटर हे आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकातील किमान आकडे आहेत; परिस्थितीनुसार कन्सल्टंट ते वाढवून देतात. कव्हर कमी पडल्याने उद्या इमारत पडत नाही, म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. पण आपल्याकडे चार महिने भिंती ओल्या असतात. ती ओल सळईपर्यंत पोहोचली की सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि पंधरा-वीस वर्षांनी छताचे पापुद्रे सळईसकट खाली येतात.

इथे माझीच एक चूक सांगणे आवश्यक आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी तीन मजली इमारतीच्या कामावर होतो. पहिल्या मजल्याला चार फुटांची पुढे आलेली गॅलरी होती. आधार एकाच बाजूला असलेल्या अशा गॅलरीत मुख्य सळई वरच्या बाजूला असते, कारण ताण वर येतो. सकाळी मी सळई तपासली तेव्हा ती वर होती, मात्र तिला धरून ठेवणाऱ्या चेअर कमी होत्या. मी ‘आणखी चार-पाच घाला’ असे फिटरला सांगितले आणि मालकांच्या सूचनेप्रमाणे खाली मिक्सरजवळ गोण्या मोजायला गेलो. वर घमेली वाहणाऱ्या माणसांच्या येण्याजाण्याने गॅलरीची सळई दबून खालच्या फळीजवळ गेली आणि त्यावर काँक्रीट पडले. एकवीस दिवसांनी टेकू काढले तेव्हा भिंतीलगत वरच्या बाजूला, गॅलरीच्या पूर्ण लांबीभर, केसासारखी भेग दिसली. कन्सल्टंटनी पुन्हा टेकू लावायला सांगितले आणि ती गॅलरी तोडून नव्याने करावी लागली. कोणाला इजा झाली नाही, याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. गोण्यांचा हिशेब त्या दिवशी एकाही गोणीने चुकला नव्हता. मी पाहिले होते, परंतु झाकले जाण्याच्या क्षणी तिथे नव्हतो. तेव्हापासून स्लॅब भरताना मी वरच असतो, गॅलरीजवळ स्वतः उभा राहतो आणि माणसांना चालण्यासाठी सळईपासून उचलून ठेवलेल्या फळ्या टाकल्याशिवाय काँक्रीट सुरू करू देत नाही. मिक्सरजवळ विश्वासाचा दुसरा माणूस ठेवा. मालकांनी तो दिला नाही तर का हवा ते त्यांना समजावून सांगा.

तुमच्या मुख्य प्रश्नाकडे, म्हणजे पाण्याकडे, येतो. पाणी थांबवण्याचा अधिकार तुम्हाला आहे, आणि तो वापरण्यासाठी आकडा तोंडपाठ हवा. सिमेंटची गोणी ५० किलोची असते. पाणी-सिमेंटचे प्रमाण ०.५० धरले तर एका गोणीला २५ लिटर पाणी होते. मिस्त्रीने कामाला सोपे जावे म्हणून आणखी दहा लिटरची एक बादली ओतली की तेच प्रमाण ०.७० होते, आणि एम २० ग्रेडच्या काँक्रीटसाठी सौम्य परिस्थितीतही मानकाने घातलेली मर्यादा ०.५५ आहे. जास्तीचे पाणी सिमेंटशी संयोग पावत नाही. ते वाळून गेले की आत सूक्ष्म पोकळ्या राहतात, काँक्रीटची ताकद घटते आणि पुढे त्याच वाटेने ओल आत येते. पावसाळ्यात आणखी एक हिशेब करावा लागतो. एका गोणीच्या मालात साधारण ऐंशी किलो वाळू पडते. तिच्यात पाच टक्के ओल असेल तर चार लिटर पाणी वाळूबरोबरच आलेले असते, ते बादलीतून वजा करावे लागते. हल्ली बहुतेक कामांवर क्रश सँड, म्हणजे खडक भरडून केलेली वाळू, असते. तिच्यात बारीक भुकटीचे प्रमाण जास्त असेल तर माल घट्ट वाटतो आणि पाणी घालण्याची इच्छा वाढते. तेव्हा उपाय वाळू बदलण्याचा किंवा कन्सल्टंटना विचारून योग्य मात्रेत अॅडमिक्श्चर (माल सैल करणारे रसायन) वापरण्याचा आहे. रेडीमिक्सची गाडी आली तर चलनावरील ग्रेड, प्लँटमधून निघाल्याची वेळ आणि स्लंप (मालाचा सैलपणा) पाहिल्याशिवाय माल उतरवू नका, आणि चालकाला ड्रममध्ये पाणी सोडू देऊ नका.

मिस्त्री म्हणेल, “साहेब, एवढ्यानं काय हुतंय? वीस वर्सं असंच करतोय.” त्याच्याशी माणसांसमोर वाद घालू नका. वयाने मोठ्या मिस्त्रीला मान देऊन बाजूला घ्या आणि माल घट्ट का लागतो आहे ते त्यालाच विचारा. बहुतेक वेळा खरे कारण वेगळे निघते: काँक्रीट हलवून बसवणारा व्हायब्रेटर बिघडलेला असतो, त्याची सुई एकच असते किंवा सळईची दाटी असलेल्या ठिकाणी खडी मोठी असते. ती अडचण तुम्ही दूर केलीत तर बादली आपोआप खाली राहते. तरीही ऐकले नाही, तर मिक्सर थांबवा. मी थांबवला आहे, अनेकदा. दहा मिनिटांच्या आत ठेकेदाराचा फोन येतो, पण त्या दहा मिनिटांनंतर त्या कामावर पुन्हा कोणी जास्त पाणी घालत नाही.

जुलैमध्ये स्लॅब घेऊच नये असे म्हणणे आपल्याकडे व्यवहार्य नाही. तयारी मात्र हवी. स्लॅबचे पूर्ण क्षेत्र झाकेल इतके प्लॅस्टिक आधी आणून ठेवा. काँक्रीट आवळायच्या आत जोराचा पाऊस आला तर वरचे सिमेंट वाहून जाते आणि खडी उघडी पडते. काम मध्येच थांबवावे लागले तर ते कुठे थांबवायचे हे कन्सल्टंटकडून आधीच ठरवून घ्या. तिथे उभी फळी लावून सांधा सरळ कापलेला ठेवा, उतरता सोडू नका. दुसऱ्या दिवशी तो सांधा तारेच्या ब्रशने घासून, सुटे कण काढून, भिजवून आणि सिमेंटची रबडी लावूनच पुढचे काँक्रीट जोडा. पाऊस आहे म्हणून क्युरिंगची (काँक्रीट ओले ठेवण्याची) गरज नाही, हा समजही चुकीचा आहे. दोन दिवस उघडीप पडली तरी कोवळा स्लॅब सुकतो, आणि कॉलमच्या उभ्या बाजूंवर पावसाचे पाणी टिकत नाही. कॉलमला गोणपाट गुंडाळून ते ओले ठेवा. साध्या ओपीसी सिमेंटसाठी किमान सात आणि फ्लाय अॅश मिसळलेल्या पीपीसीसाठी किमान दहा दिवस क्युरिंग हवे. मी सर्वत्र चौदा दिवस करून घेतो.

क्यूब टेस्टचे (काँक्रीटचे ठोकळे दाबून ताकद पाहण्याच्या चाचणीचे) आकडे अनेक कामांवर केवळ फाइल भरण्यासाठी असतात, याचे मला फार वाईट वाटते. मानकाप्रमाणे पाच घनमीटरपर्यंत एक, सहा ते पंधरापर्यंत दोन आणि सोळा ते तीस घनमीटरपर्यंत तीन नमुने घ्यायचे असतात, आणि एका नमुन्यात १५० मिलिमीटरचे तीन ठोकळे येतात. ते प्रत्यक्ष ओतल्या जाणाऱ्या मालातून भरा. खास घट्ट बनवलेल्या वेगळ्या मालातून भरलेला ठोकळा त्या स्लॅबबद्दल काहीच सांगत नाही. अठ्ठावीस दिवसांचा निकाल हाती येईपर्यंत बऱ्याचदा वरच्या मजल्याचे सेंट्रिंग (फळ्या आणि टेकूंचा साचा) उभे राहिलेले असते. म्हणून सात दिवसांचाही निकाल घ्या. ओपीसीमध्ये तो अंतिम ताकदीच्या साधारण दोन-तृतीयांश असावा. तो फारच कमी आला तर वरचा बोजा थांबवून कन्सल्टंटना त्याच दिवशी कळवा.

सेंट्रिंग काढण्याची घाई हा तुमच्या वाट्याला येणारा पुढचा दबाव. फळ्या आणि टेकू भाड्याचे असतात, पुढच्या कामाला हवे असतात. आयएस ४५६ प्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान सात दिवस आणि त्याहून मोठ्या स्लॅबचे चौदा दिवस ठेवायचे असतात. तुळई सहा मीटरपर्यंत असेल तर चौदा, त्यापुढे एकवीस दिवस. हे आकडे ओपीसीसाठी आहेत. आपल्याकडे बहुतेक कामांवर पीपीसी वापरले जाते आणि त्याची सुरुवातीची ताकद सावकाश वाढते, म्हणून मुदत वाढवून घ्यावी लागते. गॅलरीचे टेकू नेहमी बाहेरच्या टोकापासून भिंतीकडे काढायचे, साध्या स्लॅबचे मध्यापासून कडांकडे. आणि वरचा स्लॅब भरला जात असताना त्याच्या खालच्या मजल्याचे टेकू काढू देऊ नका, मग ठेकेदार काहीही म्हणो.

मालाचा हिशेब, बार बेंडिंग शेड्यूल (सळईच्या कापणी-वाकवणीची यादी), ठेकेदाराच्या बिलाची मापे आणि रोजचा अहवाल ही कामे तुम्ही पदविकेत शिकलातच. एवढेच सांगतो की, सळईचे वजन मिलिमीटरमधील व्यासाच्या वर्गाला १६२ ने भागून दर मीटरला किलोत काढता येते, आणि आलेल्या गाडीचे वजन त्या हिशेबाशी पडताळण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. बिलाची मापे ठेकेदाराच्या माणसासमोर घ्या आणि झाकली जाणारी मापे, म्हणजे पाया, सोलिंग आणि भराव यांची, झाकण्यापूर्वीच मोजवहीत घ्या.

फिनिशिंगला हाच नियम लागू आहे. भिंतीतील पाइपांची दाब देऊन चाचणी गिलाव्यापूर्वी, आणि बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगवर पाणी साठवून किमान दोन दिवस खालच्या छताची तपासणी फरशीपूर्वी. ताबा दिल्यावर येणाऱ्या तक्रारींत गळतीची तक्रार सर्वांत जास्त वेळा येते, आणि तेव्हा दुरुस्ती करायची म्हणजे कुणाच्या तरी राहत्या घराची फरशी फोडावी लागते.

सुरक्षेबद्दल मी फार कमी शब्दांत, परंतु पूर्ण गांभीर्याने लिहितो. दीड मीटरपेक्षा खोल खड्ड्याच्या बाजू पावसाळ्यात आधाराशिवाय ठेवू नका आणि उपसलेली माती खड्ड्याच्या काठावर रचू देऊ नका. भिजलेली काळी माती आवाज न करता ढासळते. स्लॅबच्या कडेला, लिफ्टच्या पोकळीला आणि जिन्याच्या मोकळ्या बाजूला कठडा हवाच. विजेची वायर पाण्यातून ओढलेली दिसली तर काम बंद. तुमच्या कामावर उत्तर कर्नाटकातून किंवा आणखी दुरून आलेली कुटुंबे असतील, त्यांची लहान मुले साइटवरच वावरत असतील. त्यांना खेळायला सेंट्रिंगपासून दूर, कुंपण घातलेली जागा करून द्या. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करण्यासाठी वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मुलांच्या शिक्षणासाठी आणि अपघातात कुटुंबाला मिळणारी मदत या नोंदणीवर अवलंबून असते. तुमची हजेरीवही नीट असेल तर हा दाखला द्यायला मालकांना अडचण राहत नाही. म्हणून ती वही केवळ पगारापुरती ठेवू नका. त्यात पूर्ण नाव आणि दिवस लिहा.

राहिला सहीचा प्रश्न. तपासणीच्या नोंदवहीत मी प्रत्येक झाकल्या जाणाऱ्या कामासाठी चार गोष्टी लिहितो: काय पाहिले, कोणत्या नकाशाच्या कोणत्या प्रतीशी ताडले, काय चुकलेले सापडले, आणि दुरुस्ती पुन्हा किती वाजता पाहिली. सोबत मोजपट्टी दिसेल असा फोटो ठेवतो. ही नोंद संध्याकाळी आठवून करायची नसते, तिथेच उभे राहून करायची असते. तुम्ही हजर नसताना पाया भरला गेला असेल आणि आता सही मागितली जात असेल, तर ‘तपासले’ या रकान्यात सही करू नका. त्याऐवजी त्याच पानावर लिहा की, अमुक तारखेचे काम माझ्या अनुपस्थितीत झाले, तळ आणि सळई मला पाहता आली नाही, आणि ही बाब त्याच दिवशी कन्सल्टंट व मालक यांना कळवली आहे. मग खरोखरच कळवा, शक्यतो लेखी. कन्सल्टंट त्या एका पायाचे काय करायचे ते ठरवतील. कधी शेजारी खोदून तळ पाहतात, कधी काँक्रीटचा टणकपणा पाहणारा रिबाउंड हॅमर आणि सळईवरचे कव्हर मोजणारा कव्हरमीटर यांनी कॉलम तपासतात. ठेकेदार नाराज होईल, कदाचित आठवडाभर बोलणार नाही. पुढच्या वेळी मात्र काँक्रीट ओतण्यापूर्वी तो तुम्हाला फोन करील, आणि तेव्हा रात्रीचे दहा वाजले असले तरी तुम्ही बॅटरी घेऊन जा.